लक्ष ठेवण्याची वही

सोमवार, ३ मार्च

आज साहेबांनी मला वर बोलावले. वर म्हणजे काचेच्या खोलीत. तिथून लाँड्रीचे चारही ढोल, म्हणजे कपडे धुण्याची मोठी यंत्रे, इस्त्रीचा रोलर आणि चादरींच्या घड्यांचे टेबल एका नजरेत दिसते. चार वर्षांत मी तिथे तीनदाच गेलो आहे. जिना चढताना कालच्या सगळ्या पावत्या मनात पुन्हा तपासल्या. चूक आठवली नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून तपासल्या.

साहेब म्हणाले, "बस." दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा बसलो.

"उद्यापासून भोंगा परत येतोय. सात आठवड्यांनी. कुठे होता माहीत आहे ना?"

मी म्हणालो, "पाठीचं दुखणं होतं ना?"

साहेब हसले. खरे म्हणजे मलाही माहीत होते, पण रजेच्या अर्जावर पाठ लिहिली होती, म्हणून मी पाठ म्हणालो. आम्ही मोठ्या हॉस्पिटलच्या चादरी धुतो. प्रत्येक वॉर्डच्या चादरीला वेगळ्या रंगाची किनार असते. निळी किनार मनाच्या आजाराच्या वॉर्डची. जानेवारीत आमचा ड्रायव्हर तिथे गठ्ठे पोचवायला गेला, तेव्हा भोंगादादा सपाता घालून बाकावर बसलेला त्याला दिसला. संध्याकाळपर्यंत बॉयलरलासुद्धा कळले होते.

साहेब म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं, नजर बारीक. रोज त्याच्याबद्दल चार ओळी लिहीत जा. काय केलं, किती वाजता केलं. वेगळं काही वाटलं तर तेही."

"त्यांना सांगायचं का?"

"कशाला उगाच? आजारी माणूस आहे. आपण त्याच्या भल्यासाठीच करतोय."

साहेब फार विचारी आहेत. माझ्या मनात हे आलेच नसते. निघताना ते म्हणाले की गोदामाचे लेखनिक या महिनाअखेर निवृत्त होत आहेत. टेबल, खुर्ची, वाफ नाही, आवाज नाही. "दहावीची अट आहे, पण अटी माणसांसाठी असतात," म्हणाले. मी नववीत शाळा सोडली हे त्यांच्या लक्षात होते.

नवी वही दिली, शंभर पानी. शब्दकोशात पाहून तिच्या पहिल्या पानावर ‘निरीक्षण’ असे लिहिले. ही रोजनिशी मात्र माझी, वेगळी.

मंगळवार, ४ मार्च

भोंगादादा आला. त्याला हे नाव आवाजामुळे पडले. चारही ढोल चालू असताना त्याने टोकावरून हाक मारली तर रोलरपाशी ऐकू यायची. एकदा जेवणाच्या सुटीचा भोंगा बिघडला होता, तेव्हा तीन दिवस यानेच सुटी पुकारली. आता तो इतका हळू बोलतो की माणसाला पुढे वाकावे लागते.

सगळे चादरी मोजत राहिले. शेवटी रोलरवरच्या मावशी म्हणाल्या, "आलास का रे बाबा. वाळलास की. तिकडे खायला घालत नव्हते काय?"

ड्रायव्हर खोकल्यासारखे हसला. भोंगादादा म्हणाला, "घालत होते. मीठ नव्हतं."

वहीत लिहिले:

७.०० — कामावर आले. वेळेवर.
९.२० — गोळी घेतली. पांढरी, लहान.
१०.४० — पाणी पिण्यास गेले. ४ मिनिटे.
११.०५ — दुसऱ्या ढोलाच्या दाराची मूठ दोनदा ओढून पाहिली.

शेवटची नोंद वेगळी वाटली म्हणून केली. नंतर विचार आला की मूठ मीही ओढून पाहतो. पण माझे काळजीपोटी असते. आज घरातून निघताना गॅस फक्त नऊ वेळा पाहिला आणि बस चुकली नाही. मागच्या आठवड्यापेक्षा बरे.

शुक्रवार, ७ मार्च

आज तिसऱ्या ढोलात चादरी आत पिळून अडकल्या. असे झाले की कोणाला तरी आत शिरून त्या कापून काढाव्या लागतात. त्याची आमची पद्धत ठरलेली आहे. आत शिरणाऱ्याने बटणाच्या पेटीला स्वतःचे कुलूप लावायचे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. शिवाय ढोलाच्या तोंडाशी एकाने राखणीला उभे राहायचे, कारण बटणाची पेटी ढोलाच्या मागे आहे आणि तिथून आत कोण आहे ते दिसत नाही. गेली अकरा वर्षे राखणीला भोंगादादाच उभा राहत होता. त्याने कोणाला कुलपाशिवाय आत जाऊ दिलेले नाही. एकदा तर साहेबांनाही परत पाठवले होते म्हणतात.

आज फिटर आत जायचा होता. भोंगादादा हात पुसत ढोलाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला, तसा फिटर मागे सरकला.

"हा नको."

"का रे?" मावशींनी विचारले.

"मला घरी बायको-पोरं आहेत. याच्या डोक्यात काय येईल कोणी सांगावं?"

हे तो भोंगादादाकडे न पाहता, छताकडे पाहून बोलला. साहेब वरून सगळे बघत होते. खाली आले आणि खूप गोड आवाजात म्हणाले, "भोंगा, थोडे दिवस आराम. कारकून उभा राहील." मला इथे सगळे कारकून म्हणतात.

मी उभा राहिलो. काम झाले. हातांना घाम सुटला होता, पण वाफ फार होती.

नंतर नळावर भोंगादादा माझ्या शेजारी आला. म्हणाला, "कुलूप आपल्या हातानं ओढून बघत जा. लावलं म्हणतो त्याच्यावर जाऊ नकोस."

"फिटरवर विश्वास नाही तुमचा?"

"माणूस चांगला आहे रे. घाईत असला की चांगला नसतो."

मग बराच वेळ हात धूत राहिला आणि म्हणाला, "मला राखण नको, मान नको. ढोल मात्र हवा. घरी बसलो तर भिंती बघत बसेन आणि परत तिकडेच पोचेन. डॉक्टर म्हणाल्या, काम सोडू नका."

हे वहीत लिहावे का ते कळेना. ‘१.१० — परत तिकडे जाण्याविषयी बोलले’ असे लिहिले. बोलला तर तसेच होता.

सोमवार, १० मार्च

निळ्या किनारीच्या गठ्ठ्याला आमच्याकडे आधीपासूनच कोणी हात लावायला बघत नाही. जो उशिरा येईल त्याच्या गळ्यात तो पडतो. आज भोंगादादा वेळेवर आला होता, तरी ड्रायव्हरने गठ्ठा त्याच्या पायाशी टाकला. "घ्या, माहेरची आठवण."

सगळे हसले. मीही थोडा हसलो, कारण न हसणारा मी एकटाच दिसलो असतो.

भोंगादादाने गठ्ठा सोडला आणि एक एक चादर झटकून ढोलात घालू लागला. मी जवळ मोजत होतो. मला एकट्याला ऐकू येईल असे म्हणाला, "तिकडे पहिल्या दिवशी चादरीचा कोपरा बघितला. आपल्या लाँड्रीचा शिक्का. म्हटलं, चला, अंथरूण तरी ओळखीचं आहे." आणि हसला. परत आल्यापासून पहिल्यांदा.

वहीत: ८.१५ — कारणाशिवाय हसले.

लिहून झाल्यावर वाटले की कारण होते. पण ते कसे मांडावे हे जमेना, आणि खाडाखोड केली असती तर पान खराब झाले असते.

गुरुवार, १३ मार्च

आज ते पुन्हा झाले. मी गोदामात उशांचे अभ्रे मोजत होतो. एकशे चाळीस झाले आणि वाटले की चुकलो. पुन्हा मोजले. पुन्हा वाटले. चौथ्यांदा मोजताना छातीत ढोल फिरल्यासारखे झाले, बोटे बधिर झाली आणि आता आपण मरणार असे नक्की वाटले. मी गठ्ठ्यांच्या मागे जाऊन बसलो. तिथून दिसत नाही.

थोड्या वेळाने भोंगादादा आला. कसे कळले माहीत नाही. समोर उकिडवा बसला. काय झाले, असे विचारले नाही. "बोलू नकोस. माझ्या बुटांवर किती भोकं आहेत ती मोज," एवढेच म्हणाला. मी मोजली. चोवीस. मग म्हणाला, "आता लेस सोडून." परत मोजली. कधी थांबले ते कळले नाही.

"किती दिवस होतंय?"

मी म्हणालो, "वाफेमुळे होतं."

"हो. मलाही सहा महिने वाफेमुळेच होत होतं."

"गोदामात वाफ नसते," असे तो म्हणाला नाही. ते मला आता लिहिताना सुचले.

खिशातून एक चिठ्ठी काढून तिच्यावर त्याच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर लिहिला. मी घेतली नाही. मी काही तसला नाही. मला फक्त नीट काम करायची सवय आहे. त्याने चिठ्ठी परत खिशात ठेवली, रागावला नाही.

संध्याकाळी वही साहेबांना दाखवायची होती आणि त्या वेळेची जागा रिकामी दिसत होती. लिहिले: २.०५ — काम सोडून गोदामात आले. १२ मिनिटे बसून होते.

यातला प्रत्येक शब्द खरा आहे.

शनिवार, १५ मार्च

ताईला गोदामाच्या टेबलाचे सांगितले. तिने लगेच नव्या शर्टाचे कापड काढले. मी ताईकडेच राहतो, आई गेल्यापासून. भावोजी बाहेरगावी कामाला असतात.

भोंगादादाचे कळल्यावर मात्र तिचा चेहरा पडला. "तसल्या माणसाजवळ बसत जाऊ नकोस. लोक एका माळेत ओवतात. आणि बाहेर काही बोलू नकोस, आपल्या घरात तसलं कधी काही नव्हतं."

मी कुठे म्हटले होते?

मग ती आईबद्दल बोलू लागली. आई किती टापटिपीची होती. कुलूप लावून निघाली की कोपऱ्यावरून चार-चारदा परत यायची. शेवटी शेवटी घराबाहेर पडणेच सोडले, कारण घर उघडे राहील. "तिला व्यवस्थितपणाचं वेड होतं," ताई म्हणाली, आणि ‘वेड’ शब्द तोंडातून गेल्यावर उठून भांडी घासायला लागली. भांडी घासलेलीच होती.

मंगळवार, १८ मार्च

हे नीट क्रमाने लिहितो, नाहीतर झोप लागणार नाही.

बाराच्या सुमारास तिसरा ढोल परत अडकला. फिटर आला. राखणीला मी. त्याने कात्री घेतली, दोरी घेतली, कुलूप घेतले नाही. मी पाहिले. तो म्हणाला, "वर अवजारांच्या पेटीत राहिलंय. दोन मिनिटांचं काम. तू आहेस ना उभा." मला म्हणायचे होते की आधी कुलूप आणा. वाक्य जुळवून तयार होते. पण तो म्हणाला असता, तूही भोंग्यासारखा झालास काय, आणि सगळे हसले असते. मी म्हणालो, "बरं."

तो आत शिरला. मी उभा राहिलो आणि कुलपाचा विचार करू लागलो. कोणी मागून येऊन हिरवे बटण दाबले तर. मागे जाऊन पेटीपाशी उभा राहिलो तर तोंडाशी कोणी नाही. तोंडाशी राहिलो तर पेटीपाशी कोणी नाही. आणि मग छातीतला ढोल सुरू झाला. बुटांची भोके मोजायला गेलो तर माझ्या बुटांना भोके नाहीत, पट्टे आहेत. पुढचे एवढेच आठवते की मी नळाखाली डोके धरून होतो. म्हणजे मी राखण सोडून पंधरा पावले गेलो होतो.

मावशींना रोलरसाठी ओल्या चादरी हव्या होत्या. त्या ढोलाच्या मागच्या बाजूने आल्या. पेटीला कुलूप नाही, ढोल थांबलेला. त्यांना वाटले कोणी चालू करायला विसरले. त्यांनी हात बटणावर ठेवला.

"मावशी, हात मागे."

तो आवाज मी दोन महिन्यांत ऐकला नव्हता. रोलर चालू होता, तीन ढोल चालू होते, तरी तो आवाज छताला लागून खाली आला. सगळी माणसे जिथे होती तिथे थांबली. मावशींचा हात बटणावरून उचलला तो तसाच हवेत राहिला.

फिटर बाहेर आला तेव्हा अभ्र्यासारखा पांढरा होता. पाच मिनिटे भिंतीला टेकून बसला. मग ड्रायव्हरने पाणी दिले आणि विचारले, "काय झालं रे?" फिटरने एकदा पेटीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाला, "काय व्हायचंय? हा येडा ओरडला. काळीज तोंडाशी आलं माझं."

मी काही बोललो नाही. मावशीही काही बोलल्या नाहीत. त्या रोलरपाशी जाऊन कोरड्याच चादरी पुन्हा रोलरमधून काढत राहिल्या.

भोंगादादा आमच्या तिघांकडे पाहत होता. त्याला वाटत होते कोणीतरी बोलेल.

बुधवार, १९ मार्च

साहेबांनी वही मागवली. कालचे पान कोरे होते. म्हणाले, "एवढा आरडाओरडा झाला, लिहिलं नाहीस?" त्यांच्यासमोर लिहिले:

१२.१५ — अचानक मोठ्याने ओरडले. सर्व काम थांबले.

साहेब म्हणाले, "बस. एवढंच हवं होतं." आणि गोदामाच्या टेबलाच्या खणाची किल्ली मला दाखवली. दिली नाही, दाखवली.

शुक्रवार, २१ मार्च

साहेबांनी वरच्या ऑफिसला, म्हणजे मुख्य कचेरीला, पाठवायचे पत्र तयार केले आहे. सोमवारी तिथल्या बाई येऊन त्यावर सही करणार. भोंगादादाला ‘प्रकृतीच्या हितासाठी’ कामावरून कमी करावे, असे त्यात आहे. कायमचे. सोबत नोंदींची यादी. साहेबांचे अक्षर वाईट, म्हणून मी घरी नेऊन स्वच्छ प्रत करायची.

जेवणाच्या सुटीत मावशी माझ्या शेजारी येऊन बसल्या. "काय रे कारकुना, कुणाचं चरित्र लिहितोयस?"

"साहेबांनी सांगितलंय."

"साहेब सांगतात. लिहितो कोण?"

मी म्हणालो, "मावशी, तुम्हीही त्या दिवशी गप्प होता."

त्यांनी डबा बंद केला. "माझी तीन वर्षं राहिलीत नोकरीची," त्या म्हणाल्या. "त्या दिवसापासून झोपले की हे बोट दिसतं मला. दुसऱ्या कुणाला सांगू नकोस. म्हणतील, हिलाही लागण झाली."

रविवार, २३ मार्च

सकाळपासून प्रत करायला बसलो आहे. माझी वाक्ये मला पाठ आहेत, पण एकाखाली एक लिहिली की ती कोणा वेगळ्याच माणसाची होतात. दाराची मूठ ओढतो. कारणाशिवाय हसतो. काम सोडून गोदामात बसतो. परत तिकडे जाण्याविषयी बोलतो. अचानक ओरडतो. अशा माणसाला मीही कामावर ठेवला नसता. आणि खोटे एकही नाही. मी दोनदा तपासले.

तीन वेळा प्रत फाडली. पहिल्यांदा समास चुकला म्हणून, पुढच्या दोन वेळा का ते सांगता येत नाही.

जेवताना ताईला विचारले, "आईला कधी डॉक्टरकडे नेलं होतं का?"

"कशासाठी? आई ठणठणीत होती."

"मग दोन वर्षं घराबाहेर का पडली नाही?"

ताईने माझ्या ताटात भात वाढला. मी नको म्हणालो तरी वाढला. मग पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबांनी एकदा नाव घेतलं होतं डॉक्टरचं. मीच नको म्हटलं. माझं लग्न जमत होतं तेव्हा."

ती एवढे कधी बोलली नव्हती. मी भात संपवला.

नंतर चौथी प्रत केली. यादीतल्या वेळा तशाच ठेवल्या. फक्त प्रत्येक नोंदीच्या पुढे राहिलेले लिहिले. ‘८.१५ — हसले. ओळखीची चादर पाहून.’ ‘२.०५ — गोदामात आले. मला श्वास घेता येत नव्हता म्हणून. ते माझ्याजवळ बसले.’ शेवटची नोंद सर्वांत लांब झाली. पेटीला कुलूप नव्हते, ते मी पाहिले आणि बोललो नाही. राखण माझी होती आणि मी ती सोडून गेलो. बटणावर ‘एका कामगाराचा’ हात होता. मावशींचे नाव लिहिले नाही, ते सांगायचे त्यांनी. भोंगादादा ओरडला नसता तर फिटर आज नसता. आणि मला हे असे दोन वर्षे होते आहे, वाफेमुळे नव्हे.

खाली माझी सही केली. अक्षर पहिल्यांदाच वेडेवाकडे आले. नव्याने लिहिले नाही.

सोमवार, २४ मार्च

वरच्या ऑफिसच्या बाई दहाला आल्या. प्रत मी साहेबांना दिली नाही, सरळ बाईंच्या हातात दिली. उभ्या उभ्या वाचली त्यांनी. मग बसून वाचली. साहेबांचा चेहरा काचेसारखा झाला.

बाईंनी विचारले, "हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"तुमच्यावर कुणी दबाव आणला?"

"नाही. उशीर मात्र केला."

मग फिटरला बोलावले, मावशींना बोलावले. काचेतून दिसत होते, ऐकू येत नव्हते. फिटर हात हलवत बराच बोलला. मावशींनी फक्त एकदा उजव्या हाताचे बोट वर करून दाखवले आणि खाली बसल्या. त्या सांगतील असे मला वाटले नव्हते.

भोंगादादा दुसऱ्या ढोलापाशी काम करत होता. त्याने एकदाही वर पाहिले नाही.

गुरुवार, २७ मार्च

निकाल लागला. फिटरला लेखी ताकीद. मावशींना तोंडी. तिसऱ्या ढोलाला म्हणे नवी पेटी बसवणार, कुलपाशिवाय दार उघडणारच नाही अशी. केव्हा ते सांगितले नाही.

भोंगादादाला कामावरून काढलेले नाही. पण ढोलही दिलेला नाही. ‘दोघांनाही यंत्रांपासून दूर ठेवावे’ असा शेरा आहे. दोघे म्हणजे तो आणि मी. घड्यांच्या टेबलावर बदली. गोदामाचे टेबल ड्रायव्हरच्या मेहुण्याला मिळाले. तो दहावी आहे.

साहेब मला जिन्यात भेटले. "मी तुझ्यासाठी केवढं करत होतो. तुला त्रास होता तर आधी सांगायचंस." आवाज तसाच गोड होता. पहिल्यांदाच मला त्यांना काय म्हणायचे आहे ते पूर्ण कळले.

खाली आलो तर पाण्याच्या नळावर ड्रायव्हर माझ्या मागे उभा राहिला नाही. दुसऱ्या नळावर गेला. तो नळ गळका आहे.

ताईला सगळे सांगितले. ती ओरडेल असे वाटले होते. ती म्हणाली, "शर्टाचं कापड परत करता येणार नाही, कापून झालंय. घड्यांच्या टेबलावरच घाल." थोड्या वेळाने म्हणाली, "डॉक्टरचा नंबर घे त्यांच्याकडून. मी येईन बरोबर. बाहेर बसेन."

सोमवार, ३१ मार्च

घड्यांचे टेबल लाँड्रीच्या शेवटच्या टोकाला आहे, खिडकीपाशी. तिथल्या दोन बायका आम्हाला पाहून दुसऱ्या टोकाला सरकल्या. उद्धटपणे नाही, आपोआप.

भोंगादादा आधीच येऊन उभा होता. मी रविवारभर एक वाक्य तयार केले होते. त्याच्यासमोर उभा राहून म्हणून दाखवले. माझ्यामुळे तुमचा ढोल गेला, असे होते ते. शेवटचा अर्धा भाग राहून गेला.

त्याने ऐकून घेतले. म्हणाला, "वहीचं मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. तू लिहिताना जीभ बाहेर काढतोस."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, बघू कुठवर लिहितो." ढिगातून एक मोठी चादर ओढून त्याने झटकली. "राग आहे मला. गेला असं समजू नकोस. अकरा वर्षांचा ढोल आहे तो, त्याचा आवाज ऐकू येतो इथे, बघ. काल बायकोला म्हटलं, नाही जात. ती म्हणाली, आजचा दिवस जा, उद्याचं उद्या बघू. म्हणून आलोय. आज."

मी म्हणालो, "मी दुसऱ्या टेबलावर जाऊ का?"

"जाशील कुठे? डबल चादर आहे, एकट्याची घडी होत नाही. कोपरा धर."

मी धरला. त्याने ओढली ती जोरात, माझ्या हातातून सुटली. पुन्हा धरली. त्याचा हात उंच, माझा खाली, कडा जुळेनात. पहिल्या दहा चादरी वाकड्याच झाल्या, आणि मी एकही उलगडून तपासली नाही, कारण त्याने पुढची आधीच उचललेली असायची. अकराच्या सुमारास तो थोडा वाकायला लागला आणि मी थोडा टाचा उचलून उभा राहायला लागलो.

जेवणाची सुटी झाली तेव्हा अर्धवट घडीची चादर आमच्या दोघांच्या हातात होती. ती पूर्ण करूनच आम्ही गेलो.